घोंगडं किती पावलांवर दिसतं

(दृश्य: यवतमाळ जिल्हा, पांढरकवड्याजवळचं एक गाव. संध्याकाळ. पांदणीच्या दोन्ही अंगांना फुटलेला कापूस.)

नोव्हेंबरात आमच्याकडे पावणेसहाच्या आत दिवस बुडतो, आणि सव्वासहाला पांदण काळी होते. कापसाचा वेचा सुरू असतो. बाया शेतातून परततात, त्यांच्यामागून बंड्या निघतात. बंडीवर कापसाची गाठोडी, पुढे दोन बैल, मागे मात्र ना दिवा, ना चमकणारी पट्टी. समोरून येणारी बंडी लांबून कळते, कारण हेडलाईटमध्ये बैलांचे डोळे चमकतात. मागून गाठलेल्या बंडीला डोळे नसतात. गाठोड्यावरचं मळकं फडकं आणि धुळीचा रस्ता एकाच रंगाचे होऊन जातात.

अशाच एका बंडीमागे दोन वर्षांपूर्वी बाबांनी गाडी कशीबशी आवरली. कोणाला लागलं नाही. पण त्या रात्रीनंतर त्यांनी अंधारात गाडी काढणं सोडलं. "माह्या डोयाले आता झेपत नाही," एवढंच म्हणाले. मायला एकदा रात्री दवाखान्यात न्यायची वेळ आली, तेव्हा गाडी अंगणात उभी होती आणि आम्ही शेजारच्या दादाला झोपेतून उठवलं.

बाबांचे डोळे तालुक्याला तपासून आणले. चष्म्याचा नंबरसुद्धा बदललेला नव्हता.

(दृश्य: अंगण. कडूनिंब. त्याच्या सावलीत अर्धी उभी असलेली पांढरी गाडी.)

गाडी 11 वर्षांची. रोज इथेच, याच जागी, दक्षिणेकडे तोंड करून उभी. आता तिचे दोन दिवे नीट बघा. उजव्या दिव्यावर दुपारभर निंबाची सावली असते, तो नुसता धुरकट झालाय. डावा दिवा उन्हात असतो, तो हळदीच्या पाण्यासारखा पिवळा. गाडी तीच, रस्ता तोच, धूळही तीच. फरक फक्त उन्हाचा. ही गोष्ट इतकी वर्षं आमच्या डोळ्यांसमोर होती आणि कोणाच्याच ध्यानात आली नाही, याची मला आजही हळहळ वाटते.

आपण याला काच म्हणतो, पण ही काच नाही. जुन्या जीपचा गोल दिवा आठवा. तीस वर्षं उन्हात राहिली तरी ती काच पिवळी पडत नव्हती. दगड लागला तर फुटायची, एवढंच. हा दिवा पॉलीकार्बोनेटचा आहे. जर्मनीत बायर कंपनीत हर्मन श्नेल यांनी 1953 साली हे प्लास्टिक तयार केलं. हलकं, पारदर्शक, हातोडीनेही सहज न फुटणारं, हव्या त्या आकारात ओतता येणारं. अमेरिकेत 1983 पर्यंत ठरावीक आकाराचे, काचेचे बंद दिवेच चालत. त्या वर्षी नियम बदलला आणि गाडीच्या तोंडावळ्याप्रमाणे वळणारे प्लास्टिकचे दिवे आले. पुढे ते जगभर पसरले आणि आमच्या अंगणापर्यंत पोचले.

या प्लास्टिकला दोन गोष्टी सोसत नाहीत, ओरखडा आणि ऊन. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवतात. तो थर उन्हातले अतिनील किरण अडवतो. वर्षानुवर्षांच्या उन्हाने, वाळूच्या कणांनी आणि घासून पुसण्याने तो विरतो, कुठे कुठे पापुद्र्यासारखा सुटतो. मग ऊन थेट प्लास्टिकला भिडतं. अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात, हवेतला ऑक्सिजन तिथे शिरतो आणि पिवळ्या रंगाची नवी संयुगं तयार होतात. चंद्रपूर, अकोला, वर्धा, यवतमाळ, जिथे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तिथल्या उघड्यावरच्या गाडीचं काय होत असेल ते सांगायला नको.

दिलासा एवढाच की हे बिघडणं वरच्या वर असतं, केसाच्या जाडीहूनही पातळ थरात. खालचं प्लास्टिक शाबूत असतं.

(दृश्य: रात्र. पांदण. गाडी उभी, डिप्पर चालू. एक माणूस खांद्यावर काळं घोंगडं घेऊन दूर चालत जातो.)

दिवे घासायचं काम हाती घेण्याआधी आम्ही मोजून पाहिलं. बाबा स्टिअरिंगवर बसले. मी घोंगडं पांघरून पांदणीच्या डाव्या कडेने चालत निघालो. डावी कड मुद्दाम, कारण आपल्याकडे डिप्परचा उजेड डावीकडे जास्त लांब टाकलेला असतो आणि बंडीही त्याच बाजूने चालते. दिसेनासं झालं की बाबांनी हॉर्न वाजवायचा. हॉर्न 31 व्या पावलावर वाजला.

31 पावलं म्हणजे 22 मीटरच्या आसपास. ताशी 60 किलोमीटरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळपास 17 मीटर जाते. म्हणजे बंडी दिसल्यापासून तिच्यापर्यंत पोचायला सव्वा सेकंद. तेवढा वेळ पाय ब्रेकवर जाण्यातच संपतो. त्या रात्री बाबांची गाडी कशी थांबली, हे मला 31 व्या पावलावर उभं असताना कळेना.

(दृश्य: सकाळ. सपरीत मांडलेलं सामान. पाण्याने भरलेला गंज.)

सगळ्यात आधी दिव्यावर पाणी मारा. ओला असेपर्यंत तो स्वच्छ दिसला, तर खराबी बाहेरची आहे आणि ती हाताने निघेल. ओला करूनही तसाच मळकट दिसला, तर आत ओल शिरलीय, नाहीतर आतला आरसा काळवंडलाय. तिथे बाहेरून कितीही घासलं तरी उपयोग नाही.

आमच्या दिव्यावर पाणी पडलं आणि आतला बल्ब लख्ख दिसला.

गावात यावर दोन इलाज सांगतात. एक टूथपेस्ट, दुसरा मातीचं तेल. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे थोडी चमक येते. मातीचं तेल बारीक ओरखड्यांत भरतं आणि वाळेपर्यंत काच नवी वाटते. दोन्हींनी मूळ दुखणं जात नाही, आणि टूथपेस्टने उरलासुरला कारखान्याचा थर मात्र घासून जातो. महिन्या-दोन महिन्यांत दिवा परत पिवळा. पेट्रोल आणि थिनर तर लावूच नका. त्यांनी पॉलीकार्बोनेटला आतून बारीक तडे जातात, ते मग कशानेच निघत नाहीत.

आम्ही हार्डवेअरच्या दुकानातून वॉटर पेपर, म्हणजे ओले करून घासायचे पॉलिश पेपर आणले, 800, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. रंगाच्या दुकानातून रबिंग कंपाऊंडची, म्हणजे चोळून चमक आणायच्या लेपाची, छोटी डबी. सगळं मिळून चारशेच्या आत पडलं. नव्या दिव्यांच्या जोडीचा भाव साडेसात हजार सांगितला होता.

दिव्याभोवतीच्या पत्र्यावर मास्किंग टेप दोन पदरी लावा. इथे कंजुषी केली तर बोनेटचा रंग जातो. पेपर दहा मिनिटं पाण्यात भिजू द्या. मग 800 चा घेऊन, पाणी सोडत सोडत, आडवे हात मारा. गोल गोल नाही, आडवे.

(दृश्य: जवळून. दिव्यावरून ओघळणारं पिवळसर पाणी.)

हे पाणी बघा. पिवळं, पिठासारखं. हा जुना थर निघतोय. हात थांबवावासा वाटतो, कारण दिवा आता आधीपेक्षाही वाईट दिसतो, अगदी दुधासारखा पांढरा. माय सपरीतून म्हणाली, "होता तेवढा बी लाईट घालवला का रे तुनं?" घाबरायचं नाही. पाणी पिवळं येतंय तोवर घासायचं. ते पांढरं यायला लागलं की समजायचं, थर गेला.

आता 1000 चा पेपर, आणि हात उभे. 800 ची आडवी रेघ एकही उरली नाही की हा टप्पा संपला. पुढे 1500 पुन्हा आडवा, 2000 पुन्हा उभा. दिशा बदलण्याची ही युक्ती आम्हाला तालुक्याच्या पेंटरभाऊंनी सांगितली आणि सगळं काम तिच्यावरच उभं आहे. आधीच्या पेपरची एक रेघ राहिली, तर शेवटी ती नेमकी उजेडात दिसते. पाणी सतत हवं, त्याने भुकटी वाहून जाते आणि प्लास्टिक तापत नाही. एका दिव्याला आम्हाला पाऊण तास लागला, पिवळ्याला सव्वा.

शेवटी मऊ सुती कपड्यावर कंपाऊंड घेऊन चोळलं, आणि दिवा आरपार दिसायला लागला.

बरेच जण इथेच थांबतात. फोटो काढतात, मोबाईलवर पाठवतात. मला कळकळीनं सांगायचंय ते इथलंच. या घडीला दिवा उघडा आहे. उरलासुरला थरही आपणच काढून टाकलाय. असाच सोडला तर विदर्भाचा एक उन्हाळा त्याला पुरेसा आहे, आणि दुसऱ्यांदा तो आधीपेक्षा लवकर पिवळा पडेल. घासणं म्हणजे अर्धं काम. नवा थर चढवणं हे उरलेलं अर्धं.

तो थर म्हणजे अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. सगळ्यात टिकाऊ असतो हार्डनर मिसळलेला. पण त्याच्या फवाऱ्यातली वाफ फुप्फुसाला फार वाईट, साध्या कापडी रुमालाने ती अडत नाही. म्हणून तो घरी मारू नका. आम्ही दिवे घासून, टेपसकट गाडी पेंटरभाऊंकडे नेली. त्यांनी आधी मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दिवा पुसला, बोटांचा तेलकटपणा काढला, मग मास्क लावून दोन हलके हात मारले. क्लिअर कोट मारायचा असेल तर कंपाऊंड न लावलेलं बरं, 2000 च्या बारीक रेघांना कोट धरून राहतो, असंही ते म्हणाले. आमचं चोळलेलं कंपाऊंड त्यांनी परत एकदा पेपर फिरवून काढलं.

दिवसही निवडून घ्यावा. मे महिन्यात तापलेल्या दिव्यावर कोट पसरायच्या आत वाळतो आणि त्याला संत्र्याच्या सालीसारखे खड्डे पडतात. श्रावणातल्या दमट हवेत तो दुधाळ होऊ शकतो. दिवाळीनंतरची सकाळ, दव सुकल्यावरची, सगळ्यात चांगली.

आणि बल्ब? बहुतेक साध्या हॅलोजनला अप्परसाठी 60 आणि डिप्परसाठी 55 वॉट पुरतात. उजेड कमी वाटला म्हणून लोक 100 वॉटचा बसवतात. त्याने आतला आरसा आणि वायरिंग भाजतं, आणि पिवळ्या काचेतून तो जास्तीचा उजेड रस्त्यावर पडतच नाही, इकडे तिकडे फाकून समोरच्याच्या डोळ्यांत जातो.

हाताने केलेल्या कामाची एक मर्यादा सांगून ठेवतो. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने 2018 मध्ये जुने दिवे तपासले. पिवळ्या, धुरकट दिव्यांतून नव्याच्या सुमारे 20 टक्केच उजेड येत होता. घासून कोट दिल्यावर तो साधारण 70 टक्क्यांपर्यंत गेला, पूर्ण 100 नाही. ज्याला परवडेल त्याने नवेच बसवावेत. आम्हाला परवडत नव्हतं.

गाडी आता अंगणात उलटी उभी करतो, तोंड गोठ्याच्या भिंतीकडे.

(दृश्य: रात्र. तीच पांदण. तेच घोंगडं.)

तीन दिवसांनी, कोट पुरता वाळल्यावर, आम्ही परत तिथेच गेलो. बाबा स्टिअरिंगवर. मी डाव्या कडेने, मनात आकडे मोजत. 31 व्या पावलावर पाय आपोआप अडखळला. हॉर्न वाजला नाही. 40. 50. बाभळीपर्यंत आलो.

हॉर्न 58 व्या पावलावर वाजला.

मी परत येईपर्यंत बाबा गाडीतून उतरले नव्हते. गाडी चालूच होती. म्हणाले, "बस. पांढरकवड्यापर्यंत जाऊन येऊ."