तळ्याचं पाणी गढूळ का राहतं?

श्रोतेहो, नमस्कार.

मासे सोडलेल्या तळ्याचं पाणी मातकट झालं आणि तसंच राहिलं, की तळ्याच्या मालकाच्या मनात पहिला प्रश्न येतो : यात काय टाकू? माझी विनंती आहे, आज काहीही टाकू नका. काचेची एक स्वच्छ बाटली घ्या. तळ न ढवळता, काठापासून जरा आतलं पाणी तिच्यात भरा, झाकण लावा आणि जिथे तिला कुणाचा धक्का लागणार नाही अशा कोपऱ्यात ठेवून द्या. आठवडाभर हलवायची नाही, रोज फक्त बघायची.

दोन-तीन दिवसांत खाली मातीचा थर बसला आणि वरचं पाणी नितळ झालं, तर तुमच्या तळ्यातली माती बसणारी आहे. तळ्यात तिला कुणीतरी बसू देत नाहीये, किंवा नवी माती सारखी आत येतेय. आठवड्यानंतरही बाटली गढूळच दिसली, तर मात्र माती इतकी बारीक आहे की ती आपण होऊन बसणारच नाही. हे दोन अगदी वेगळे प्रकार आहेत. पहिल्यावर दुसऱ्याचा उपाय केला तर पैसा आणि मेहनत दोन्ही पाण्यात जातात, आणि हे मी अनेकदा होताना पाहिलंय.

एक गोष्ट मात्र आधी पाहून घ्या. पाणी हिरवट दिसत असेल तर तो गढूळपणा मातीचा नाही. ते सूक्ष्म शेवाळ आहे, प्लवक आहे. माशांच्या अन्नाची सुरुवात तिथूनच होते. ते साफ करायला जाऊ नका. आज मी बोलतोय ते तांबूस, करड्या, मातीच्या रंगाच्या पाण्याबद्दल.

माती बसत नाही म्हणजे नेमकं काय होतं? बारीक वाळूचा कण साधारण एक दशांश मिलिमीटरचा असतो. स्थिर पाण्यात तो एक मीटर खाली जायला दोनेक मिनिटं घेतो. चिकणमातीचा कण दोन सहस्रांश मिलिमीटर किंवा त्याहून लहान. त्याला तेवढ्याच अंतरासाठी तीन दिवस लागतात. कण निम्मा झाला की वेळ चौपट होते, म्हणजे बारा-तेरा दिवस. त्याहूनही सूक्ष्म कणांचा हिशेब वर्षांत जातो. तोही पाणी अजिबात हललं नाही तर, आणि तळ्यात तसं कधीच होत नाही. वाऱ्याची एक झुळूक पुरते. शिवाय या कणांच्या अंगावर ऋण विद्युतभार असतो. सगळ्यांचा भार सारखा, म्हणून ते एकमेकांना दूर लोटतात. जवळ आले, चिकटले, जड झाले तर खाली जातील, पण ते जवळच येत नाहीत.

आता बाटलीतलं पाणी निवळलं असेल तर तळ्याकडे चला आणि दोषी शोधा. सायप्रिनस पाळलाय का? हा मासा तळाची माती तोंडात घेतो, त्यातलं खाणं निवडतो आणि उरलेली माती बाहेर टाकतो. दिवसभर. मोठे सायप्रिनस दाटीने असतील तर तळं कधीही निवळणार नाही. जाळं लावून संख्या कमी करणं हाच तिथला उपाय. गुरं पाण्यात उतरत असतील तर काठाला कुंपण घाला आणि त्यांच्या पिण्याची सोय बाहेर करा. वाऱ्याच्या लाटा एकाच बाजूचा बांध खात असतील तर तिथे दगडांचं अस्तर द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पावसाचं पाणी तळ्यात कुठून येतं ते भर पावसात उभं राहून बघा. वरच्या अंगाला उघडी, नांगरलेली जमीन असेल तर माती तिथून येतेय. पाणी येण्याच्या वाटेवर गवताचा रुंद पट्टा राखा, गाळ थांबेल असा खड्डा करा, नाहीतर चर काढून ते पाणी बाजूने वळवा. बांधाच्या उघड्या उतारावर गवत लावणं हे काम कंटाळवाणं वाटतं, पण त्याच्याइतका टिकाऊ उपाय दुसरा नाही.

घाईची गरजही नाही. वाढलेले मासे मातीच्या गढूळपणाने सहसा मरत नाहीत. नुकसान हळूहळू होतं. उजेड आत शिरत नाही, प्लवक वाढत नाही, त्यामुळे प्राणवायूही कमी तयार होतो. बघून शिकार करणाऱ्या माशांना खाणं दिसत नाही, आणि तळावर घातलेल्या अंड्यांवर गाळ बसतो.

आता ज्यांची बाटली आठवड्यानंतरही गढूळ आहे, त्यांच्याकडे येतो. या कणांचा ऋण भार मोडायला धन भार लागतो. नदी समुद्राला मिळते तिथे हेच घडतं. खारट पाण्यातल्या धन भारामुळे नदीने आणलेली चिकणमाती गुठळ्या धरते आणि बसते. तळ्यात मीठ घालून चालणार नाही, म्हणून आपण जिप्सम किंवा तुरटी वापरतो. जिप्सममधल्या कॅल्शियमवर दोन धन भार असतात, तुरटीतल्या ॲल्युमिनियमवर तीन. फरक एकाचाच वाटतो, पण परिणामात फार मोठा आहे. जिप्सम घनमीटरला १०० ते ३०० ग्रॅम लागतं, तुरटीचं काम बहुधा १५ ते २५ ग्रॅममध्ये होतं. इथे तुरटी म्हणजे पाणी शुद्धीकरणासाठी वापरतात ते ॲल्युमिनियम सल्फेट.

नेमकं प्रमाण बादल्यांवर ठरवा. एक लिटर पाण्यात १० ग्रॅम तुरटी विरघळवा. पाच बादल्यांत तळ्याचं दहा-दहा लिटर पाणी घ्या. एक तशीच ठेवा. बाकीच्या चार बादल्यांत हे द्रावण अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० मिलिलिटर घाला, ढवळा आणि काही तास थांबा. १० मिलिलिटर म्हणजे घनमीटरला १० ग्रॅम, असा सरळ हिशेब. सगळ्यात कमी द्रावणात जी बादली निवळली, ते तुमचं प्रमाण. मग तळ्याची लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये मोजून गुणा. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद, दीड मीटर खोल तळ्यात ९०० घनमीटर पाणी असतं. प्रमाण २० निघालं तर १८ किलो तुरटी लागेल.

पण तुरटीत धोका आहे, आणि तो मला ठळकपणे सांगायचा आहे. तुरटी पाणी आम्लधर्मी करते. पाण्यात आम्ल पचवण्याची जी ताकद असते, जिला अल्कता म्हणतात, ती तुरटीच्या निम्म्याने खर्च होते. अल्कता लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर सामू, म्हणजे पाण्याचा पीएच, एकदम उतरतो आणि मासे मरतात. त्यामुळे पाणी तपासल्याशिवाय तुरटी टाकू नका. अल्कता कमी निघाली तर जिप्सम घ्या. वजन जास्त लागेल, उशीर लागेल, पण जिप्सम सामू बिघडवत नाही. मासे असलेल्या तळ्यात मी स्वतः जिप्समलाच आधी हात घालीन.

तुरटी टाकायचीच असेल तर वारा पडलेला दिवस निवडा. ती पूर्ण विरघळवून सगळ्या पृष्ठभागावर पटापट शिंपडा. लाटा उठल्या की बनलेल्या गुठळ्या पुन्हा फुटतात. शेण किंवा गवताचा पेंढा कुजवूनही माती बसते, हे खरं आहे. पण कुजताना प्राणवायू खर्च होतो, आणि उन्हाळ्याच्या पहाटे मासे पाण्यावर तोंड काढून धापा टाकताना बघायची वेळ येते.

पाणी निवळायला लागलं की किती निवळलं ते मोजा. २० सेंटिमीटर व्यासाची तबकडी घ्या, तिचे चार भाग आलटून-पालटून काळे-पांढरे रंगवा आणि खुणा केलेल्या दोरीने ती पाण्यात सोडा. इटालियन शास्त्रज्ञ सेकी यांनी १८६५ साली समुद्राच्या पाण्याचा नितळपणा पांढऱ्या तबकडीने मोजला होता. ती दिसेनाशी होते ती खोली लिहून ठेवा. माशांच्या तळ्यात ३० ते ४५ सेंटिमीटर पुरे, आणि तोही अंधूकपणा प्लवकाच्या हिरवटपणामुळे आलेला असावा. याहून फार नितळ करू नका. ऊन तळापर्यंत पोचलं की पाणवनस्पती उगवतात आणि जाळं ओढणं मुश्कील होतं. जोराच्या पावसानंतर चार दिवसांनी पुन्हा तबकडी सोडा. आकडा खाली गेला असेल, तर वरच्या अंगाची माती अजून येतेय.

नमस्कार.