व्हाइट बिल्डिंगमधली कलाकारांची जागा

हे नॉम पेन. कंबोडियाची राजधानी. आणि ही 1963 साली उभी राहिलेली व्हाइट बिल्डिंग. 468 घरं, लांबच लांब बोळ, उघडे जिने. गिरणगावातल्या चाळीत वाढलेल्या माणसाला इथलं जगणं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

1975 मध्ये सत्ता बळकावलेल्या ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटानं अख्खं शहर रिकामं केलं. पुढच्या चार वर्षांत देशातले बहुतेक कलावंत मारले गेले किंवा उपासमारीनं गेले. 1979 नंतर वाचलेल्यांपैकी अनेक नर्तक आणि वादक याच इमारतीत राहायला आले. कालांतरानं इमारत मोडकळीला आली, तिचं नावही बदनाम झालं. तरी आतल्या खोल्यांमध्ये पोरी पारंपरिक नृत्याचे धडे गिरवतच होत्या.

2010 मध्ये इथं 'सा सा आर्ट प्रोजेक्ट्स' ही कलाकारांची जागा सुरू झाली. चालवणारे स्वतः कलाकार. वुथ लिनो, ख्वाय समनांग, लिम सोकचानलिना; सगळे 'स्तीव सेलापाक' या गटातले.

शहरात समकालीन कलेचं संग्रहालय नव्हतं, विकत घेणारे मोजकेच. अशा ठिकाणी नुसती प्रदर्शनं लावून कोण येणार? या मंडळींनी शिकवायला घेतलं. छायाचित्रणाचे आणि समकालीन कलेचे वर्ग काढले. बाहेरच्या कलाकारांना राहायला, काम करायला बोलावलं. रहिवाशांसोबत इमारतीच्या आठवणी आणि फोटो गोळा केले. मला त्यांचं सगळ्यात मोठं काम हेच वाटतं: आधी शेजारी जोडले.

ख्वाय समनांगचं एक काम बघा. नॉम पेनमधलं बंग काक तळं बांधकामासाठी वाळूनं बुजवलं जात होतं, काठावरची कुटुंबं हुसकावली जात होती. समनांग त्या पाण्यात उतरला आणि बादलीभर वाळू स्वतःच्या डोक्यावर ओतली. असं काम दिवाणखान्यात टांगायला कुणी घेत नाही. त्यावर बोलायला, भांडायला, पुढचं काम सुचायला कलाकारांची हक्काची जागाच लागते.

आणि जागा म्हटली की भाडं आलं. जगभरात अशा जागांची अडचण हीच. परदेशी संस्थांचं अनुदान बहुधा प्रकल्पाला मिळतं. विजेचं बिल, झाडणाऱ्या बाईचा पगार त्यात बसवताना जीव मेटाकुटीला येतो. प्रकल्प संपतो, महिन्याची पहिली तारीख काही थांबत नाही.

2017 मध्ये व्हाइट बिल्डिंग पाडली. रहिवाशांना मोबदला मिळाला, पण शेजार विखुरला. एवढी वर्षं जोडलेली माणसं एका पत्त्यावर पुन्हा मिळणार नव्हती. सा सानं शहरात दुसरीकडे जागा घेतली आणि वर्ग पुन्हा सुरू केले.

2022 मध्ये जर्मनीतल्या कासेलला भरणाऱ्या 'डॉक्युमेंटा' या मोठ्या कलाप्रदर्शनात सा साला निमंत्रण होतं. बोलावणारा रुआंगरुपा हा जकार्ताचा गट. तोही कलाकारांनीच, 2000 साली, आपल्या शहरात जागा नाही म्हणून उभा केलेला.