एका कलमाची मालकी

(दृश्य: वेंगुर्ला. सकाळची काजूबाग, मोहोर जवळून)

काजूचं फूल करंगळीच्या नखाएवढं. एकाच मोहोरात नर फुलंही असतात आणि द्विलिंगीही. संकर करायचा तर द्विलिंगी फूल उमलण्याआधी हेरायचं, चिमट्याने त्यातला मोठा पुंकेसर काढायचा आणि फूल झाकून ठेवायचं. मग दुसऱ्या झाडाचा पराग आणून लावायचा, पुन्हा झाकायचं. बहुतेक फुलं गळून जातात. एखादं धरलं, तर हाती येते एक बी.

ती पेरायची. झाड धरायला तीनेक वर्षं, त्याची खरी चाल कळायला आणखी कितीतरी. आणि अशा ढीगभर रोपांतलं एखादंच पुढे जातं.

(दृश्य: तराजूच्या पारड्यात काजूबी)

कोकण कृषी विद्यापीठाच्या वेंगुर्ल्यातल्या फळ संशोधन केंद्रातून १९८१ साली वेंगुर्ला-४ ही काजूची जात बाहेर पडली. १९९७ साली वेंगुर्ला-७. ही तिचीच बी, साधारण १० ग्रॅमची. आंब्यातला रत्ना इथलाच, नीलम आणि हापूसचा संकर. रत्नाचा पुन्हा हापूसशी संकर केला, तो १९९२ चा सिंधू. त्याची कोय बघा, कागदासारखी पातळ.

(दृश्य: रोपवाटिका. माळीकाकांचे हात)

अशी जात वाढवायची ती कलमाने. आता हे हात नीट बघा. पिशवीतलं दीड-दोन महिन्यांचं रोप, हा खुंट. मातृवृक्षावरची, म्हणजे ज्या झाडाची जात हवी त्यावरची, पेन्सिलीएवढी काडी आठवड्याभरापूर्वीच निवडून ठेवलेली. तिची पानं तेव्हाच छाटली, देठ तेवढे ठेवले, म्हणजे डोळा फुगतो. खुंटाचा शेंडा उडवायचा, मधोमध चीर द्यायची. काडीला दोन्ही बाजूंनी पाचरीसारखा काप. काडी चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची. प्लास्टिकची पट्टी खालून वर घट्ट गुंडाळायची. वरून ओली पिशवी, टोपीसारखी. दहा-पंधरा दिवसांनी टोपी काढली की कोवळी लालसर पानं दिसतात.

खुंट काजूच्या कुठल्याही बीचा चालतो. वाण असतो तो काडीत. आणि त्या काडीत कुणाच्या तरी नोकरीची निम्मी वर्षं असतात.

(दृश्य: कलमांच्या रांगा, वरून)

आपल्याकडे झाडावर पेटंट मिळत नाही. त्याऐवजी २००१ चा वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. फळझाडाच्या नोंदलेल्या वाणाला त्यात जास्तीत जास्त १८ वर्षं संरक्षण मिळतं. शेतकऱ्याला मात्र असा वाण लावायला, वाटायला, विकायलाही मोकळीक आहे. फक्त संरक्षित वाणाच्या नावाचं लेबल लावून विकता येत नाही. ही मोकळीक राहिलीच पाहिजे. शेजाऱ्याने मागितली तर काडी देणं, ही कोकणातली रीत आहे.

आमचं म्हणणं आहे ते हजारोंनी कलमं विकणाऱ्या व्यापाऱ्यांबद्दल. त्यांनी विद्यापीठाशी करार करावा, खात्रीच्या मातृवृक्षाची काडी घ्यावी, कलमामागे ठरलेली रक्कम भरावी. त्यातला हिस्सा केंद्राला मिळावा, पैदासकाराला, म्हणजे वाण घडवणाऱ्या संशोधकाला मिळावा, आणि झाडाखाली चिमटा धरून उभा राहिलेल्या मजुरालाही. ‘पगार मिळत होता ना?’ असं विचारणारे भेटतात. पगार हजेरीचा होता. अमेरिकेने १९८० साली बे-डोल कायदा करून, सरकारी पैशातून झालेल्या संशोधनाची मालकी ठेवून ते करारावर द्यायची वाट विद्यापीठांना मोकळी केली. त्याच धर्तीवरचं विधेयक २००८ साली आपल्या राज्यसभेत मांडलं गेलं, संशोधकाच्या वाट्याची तरतूद त्यात होती. कायदा काही झाला नाही.

काडी भलत्याच झाडाची निघाली, तर शेतकऱ्याला ते तीन वर्षांनी कळतं.

(दृश्य: जून, पहिला पाऊस. टेम्पोत कलमं भरली जातायत)

या पिशव्यांवर खडूने ‘वें-७’ लिहिलंय. पावसाने ते पुसत चाललंय. टेम्पो कुडाळकडे निघाला. माळीकाका पुढच्या खुंटाला चीर देतायत.