अबोला आणि मौन

नमस्कार, श्रोतेहो.

मागच्या वर्षी हळद विकून पट्टी, म्हणजे अडत्याकडचा विक्रीचा हिशेब, झाली आणि पैशाच्या वाटणीवरून माझं नि धाकट्या जावेचं बिनसलं. सव्वा महिना आम्ही एकाच ओट्याशी उभ्या राहून बोललो नाही. आमटीत मीठ घातलंय का, हेसुद्धा पोरांकरवी विचारायचं. अबोला ज्यांनी धरलाय त्यांना ठाऊक असेल, त्यात तोंड मिटलेलं असतं, पण डोक्यात भांडण थांबत नाही.

त्याच दिवसांत मी आळत्याच्या धम्मालयात दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले. सांगलीहून जवळच आहे. खरं सांगते, घरातून सुटावं म्हणूनच गेले. फोन, वही, पुस्तक सगळं आधीच जमा करायचं. पहाटे चारला घंटा. खुणेनंसुद्धा बोलायचं नाही, याला आर्य मौन म्हणतात. पहिले तीन दिवस फक्त श्वास बघायचा. चौथ्या दिवसापासून डोक्यापासून पायापर्यंत अंगावरच्या संवेदना न्याहाळायच्या.

माझे पहिले दिवस जावेला उत्तरं देण्यातच गेले. पाचव्या दिवशी दुपारी तिची आठवण आली आणि लक्षात आलं, शब्द सुचायच्या आधीच माझे दात आवळले गेलेत, कानाच्या पाळ्या तापल्यात. काही न करता मी तेवढंच बघत बसले. हळूहळू तो ताप उतरला, आणि खाली जे होतं ते दिसलं. पैशाचं मला काहीच नव्हतं. मोठी सून असून हिशेबाला मला कुणी हाक मारली नाही, हे लागलं होतं. ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

घरी परतल्यावर जावेनं चहा पुढं ठेवला. मी म्हणाले, “हिशेब करताना मला हाक मारायची होतीस गं.” ती गप्प राहिली. एरवी मी लगेच पुढचं वाक्य टाकलं असतं. त्या दिवशी थांबले. बऱ्याच वेळानं म्हणाली, “ताई, तुम्ही माहेरी होता. मोठे भाऊजीच म्हणाले, उरकून टाक.”

म्हणजे माझेच यजमान! सव्वा महिना मी राग धरला तो भलत्याच माणसावर.

वाईच्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या विनोबांनी २५ डिसेंबर १९७४ पासून वर्षभर मौन पाळलं. आपल्याला संसारात तेवढं कुठलं जमायला? मी संध्याकाळी अर्धा तास हरिपूरच्या संगमावर जाते. कृष्णेला वारणा मिळते तिथं पायऱ्यांवर बसते. ज्यांचं मन फार खचलेलं आहे, औषधं चालू आहेत, त्यांनी मात्र लांबच्या शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना जरूर विचारावं.

हल्ली कधीकधी जाऊही येते. शेजारी बसते, आम्ही बोलत नाही. काल दिवेलागणीला उठता उठता पदर झटकत म्हणाली, “ताई, यंदा हळद कुठल्या अडत्याकडं घालायची?”