मधला चौक

मैत्रिणींनो, नमस्कार.

गेल्या वर्षी तालुक्याच्या हस्तकला स्पर्धेचा फॉर्म हातात आला, तेव्हा मी पहिल्यांदा म्हटलं, "गोधडी कुणी स्पर्धेला ठेवतं का?" गोधडी अंगावर घ्यायची, नदीवर धुवायची, विरली की आणखी एक लुगडं चढवून पुन्हा शिवायची. शिवाय माझ्या गोधडीच्या मधल्या चौकात चार ओळी वाकड्या गेल्या होत्या. लाईट गेली होती आणि मी अंधारात अंदाजानं टाके घालत राहिले होते.

सासूबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांना ते सांगितलं तर म्हणाल्या, "मग? थंडी वाजते का तिथनं?"

तरी रात्री मी उसवायला बसले. दोन टाके काढले आणि जुनं सुती कापड सुईच्या भोकापासून फाटायला लागलं. तिथेच थांबले. वाटलं, नवं कापड आणून स्पर्धेपुरती वेगळी शिवावी. पण हातशिलाईच्या गोधडीला महिने लागतात, आणि हातात होते वीस दिवस. शेवटी तीच उन्हात टाकली, डांबरगोळ्यांचा वास जाऊ दिला आणि सोबत एक चिठ्ठी लावली: आत चार लुगडी, वर आईच्या इरकलीचे काठ, कडेपासून आत येणारा धावदोरा, पाच महिन्यांचं काम.

आपल्याला वाटतं, घरातलं काम घरातच शोभतं. वारली चित्रंही अशीच होती. लग्नघरी सवाशिणींनी सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं काढायची, की झालं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे लग्नकार्याची वाट न बघता ती काढत राहिले, पुढे कागदावर आणि कापडावर. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातल्या, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजातल्या! त्याही जुन्या कपड्यांची गोधडी शिवतात. तिला त्या कवंडी म्हणतात, आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं फूल लावल्याशिवाय ती पुरी झाली असं मानत नाहीत. त्यांच्या कवंड्या अमेरिकेत प्रदर्शनात भिंतीवर लागल्या. त्याही शिवल्या होत्या पोराबाळांच्या अंगावर घालायलाच.

स्पर्धेच्या दिवशी परीक्षक बाईंनी माझी गोधडी आधी उलटी केली. हे मला ठाऊकच नव्हतं, की जाणतं माणूस मागची बाजू पहिल्यांदा बघतं. गाठी कुठे लपवल्यात, दोरा कुठे तुटलाय, ते तिथे कळतं. त्यांनी कडेपासून तळहात फिरवत आणला आणि मधल्या चौकावर थांबवला. माझ्या पोटात गोळा आला.

"इथं काय झालं?"

"लाईट गेली होती."

"उसवलं नाहीत, बरं केलंत. कापड विरलंय." मग कडेचा काठ चिमटीत धरून म्हणाल्या, "हे बघा, इथं चुण्या पडल्यात. दोरा ओढून घेता तुम्ही. आधी लांब टाक्यांचा कच्चा दोरा घालून सगळे थर बसवून घ्या, मग शिवा."

म्हणजे ज्या चार ओळींनी माझी झोप घालवली, त्यांच्यावर त्यांनी अर्धा मिनिट घालवला. आणि जी खरी उणीव, ती मला पंधरा वर्षांत दिसली नव्हती. घरची माणसं कौतुक करतात, पण चुण्या कोण दाखवणार? माझा नंबर आला नाही. त्या दिवशी थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण घरी येताना एसटीत गोधडी मांडीवर घेऊन मी सबंध वाट त्या कडेवरच बोट फिरवत होते.

तुमच्या ट्रंकेत असं काही असेल, रुमाल, तोरण, बाळंतविडा, तर आज दुपारी ते उजेडात उलटं करून बघा. फॉर्म आणलात तर नियम नीट वाचा. माप आणि तारीख यांवरूनच पुष्कळ चांगली कामं परत जातात.

माझी नवी गोधडी सतरंजीवर पसरलेली आहे. कच्चा दोरा घालून झालाय. या रविवारी कडेची पहिली ओळ घालायला घेणार आहे.

नमस्कार.