एक नट, अनेक माणसं: दिलीप प्रभावळकर

'ओम फट् स्वाहा!'

नव्वदच्या दशकात लहान असलेल्या मराठी माणसाला एवढं पुरतं. महेश कोठारेंचा 'झपाटलेला', साल १९९३. तात्या विंचू नावाचा गुंड मरता मरता मंत्र म्हणतो आणि बाहुल्यात शिरतो. हाडामांसाचा तात्या पडद्यावर फार वेळ नाहीच. पण तेवढ्या वेळात दिलीप प्रभावळकरांनी त्याच्या आवाजात असं काही विष कालवलं, की बाहुला बोलू लागतो तेव्हा कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. तात्या परत आलाय!

आता दोनच वर्षं मागे या. १९९१, 'चौकट राजा'. लहानपणच्या अपघाताने नंदूचं शरीर वाढलं, मन मुलाचंच राहिलं. प्रभावळकर तेव्हा पंचेचाळिशी ओलांडलेले. शब्द जड, चाल अडखळती, आणि आनंद झाला की तो सगळ्या अंगातून फुटतो. अशा भूमिकेत नटाचा तोल जरा जरी गेला, तरी तिची नक्कल होते. इथे तसं एकदाही होत नाही. त्यांच्या शेजारी गणाच्या भूमिकेत अशोक सराफ. महाराष्ट्राला पोट धरून हसवणारे दोन नट एका चौकटीत उभे आहेत आणि दोघांपैकी कुणीही हशा मागत नाही. मराठी पडद्यावरच्या अभिनयाचा हा फार मोठा क्षण आहे असं आम्हाला वाटतं.

विनोदी नट हा शिक्का बसला तो दूरदर्शनमुळे. चि. वि. जोशींचा भिडस्त चिमणराव त्यांनी केला, समोर बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ. घराघरांत तो चिमणराव असा रुजला, की दुसरा कुणी असता तर जन्मभर तेच करत राहिला असता. प्रभावळकरांनी स्वतःच 'हसवाफसवी' लिहिलं आणि एका प्रयोगात सहा भूमिका केल्या. त्यातले वयोवृद्ध गायक नट कृष्णराव हेरंबकर रंगमंचावर आले, की हसणारं नाट्यगृह हळवं होऊन जायचं.

पुढे 'एन्काउंटर'मध्ये त्यांनी पुनाप्पा हा गुंड केला. इथे तात्याचा भडकपणा औषधालाही नाही.

आणि मग २००६. 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजी.

ही भूमिका नीट बघा. हे गांधीजी फक्त मुन्नाला दिसतात, आणि मुन्नाने जेवढं वाचलंय तेवढंच त्यांना ठाऊक असतं. म्हणजे नटाला साकारायचा होता एका टपोरीच्या डोक्यातला बापू. प्रभावळकरांनी पुतळ्यातला महात्मा बाजूला ठेवला. त्यांचे बापू मुन्नाशी घरातल्या आजोबांसारखे बोलतात. आवाज चढत नाही, उपदेशाचा सूर लागत नाही. समोर संजय दत्तचा धिप्पाड देह आणि त्याला नुसत्या नजरेने गप्प करणारी ही किरकोळ मूर्ती! चित्रपट विनोदी आहे, पण बापूंच्या वाट्याला आलेलं हसू प्रेमाचं आहे. या भूमिकेसाठी आणि मराठी 'शेवरी'साठी त्यांना सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

'देऊळ'मधले अभ्यासू अण्णा, 'नारबाची वाडी'तला आपली वाडी न सोडणारा कोकणी म्हातारा, अशी माणसं नंतरही येतच राहिली.

सप्टेंबर २०२५ मध्ये 'दशावतार' आला. प्रभावळकर ८१ वर्षांचे. बाबुली मेस्त्री हा कोकणातला दशावतारी कलावंत. उतारवय आलंय, मुलाला वाटतं बापाने आता थांबावं, पण तोंडाला रंग लागला की बाबुलीचा बाबुली राहत नाही. ज्या नटाने आयुष्यभर एका देहात इतकी माणसं वागवली, त्याच्याकडे ही भूमिका चालत यावी, हे मराठी प्रेक्षकांचं भाग्य. थिएटरमध्ये तीन पिढ्या शेजारी बसून हा चित्रपट बघत होत्या. आजोबांना चिमणराव आठवत होता, मुलाला तात्या विंचू, आणि नातवंडं बाबुलीला पहिल्यांदाच भेटत होती.