पस्तीस टक्के कशाचे?

नव्या वकील मंडळींसमोर बोलायचं म्हणून माझीच एक चूक घेऊन आलोय.

रावेर-यावल पट्ट्यातला केळीचे घड वाहणारा एक मजूर. ट्रॅक्टरनं धडक दिली, उजवा खांदा मोडला. हाड जुळलं, पण हात वर जाईना. माझ्या टेबलावरचा तांब्या त्यानं आरामात उचलला. मी म्हटलं, "बराय की हात." तो म्हणाला, "साहेब, तांब्या खांद्यावर नाही घ्यायचा." मग उठून दाखवलंच त्यानं. एकजण घड कापतो, तो जमिनीला टेकायच्या आत दुसऱ्यानं खांदा द्यायचा, वरून हातानं धरायचा आणि ओल्या सरीतून गाडीपर्यंत चालायचं. सालीला ओरखडा आला की व्यापारी भाव पाडतो. धरायला गेलेला त्याचा हात छातीपाशीच अडकला.

नुकसानभरपाईच्या दाव्यात अपंगत्वाचे दोन अभिप्राय कागदावर होते. ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांचा 35 टक्के, विमा कंपनीच्या डॉक्टरांचा 15. अशा वेळी आपण 35 साठी भांडतो, समोरचा 15 साठी, आणि कोर्ट मधे कुठंतरी थांबतं. भाजीबाजारात चालतं तसं.

मी आता आकडा शेवटी वाचतो. आधी तारीख. तीन महिन्यांनी तपासलेला खांदा आणि दीड वर्षानं तपासलेला खांदा एक नसतो. मग, माणूस तपासला की नुसते एक्स-रे? हात किती अंशांपर्यंत उचलला जातो, ते मोजून लिहिलंय का? आणि टक्के कशाचे? इथं 35 त्या हाताचे होते, 15 अख्ख्या शरीराचे. दोघा डॉक्टरांचं फारसं भांडण नव्हतंच! भांडत होतो आम्ही वकील.

राजकुमार विरुद्ध अजयकुमार या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे सोडवून सांगितलंय. अवयवाचं अपंगत्व, शरीराचं अपंगत्व आणि कमाईची गेलेली ताकद, तिन्ही वेगळी. पहिली दोन डॉक्टरनं सांगायची. तिसरी त्या माणसाचं काम पाहून कोर्टानं ठरवायची. उपचार न करता तयार सर्टिफिकेट देणाऱ्यांपासून सावध राहा, हेही त्यात आहे. त्याआधी 1975 मध्ये प्रताप नारायण सिंह देव प्रकरणात, डावा हात कोपराच्या वर कापलेल्या सुताराची कमाईची ताकद पूर्ण गेली असं धरलं गेलं. एका हातानं रंधा कसा मारणार? (2016 च्या दिव्यांग कायद्यातली 40 टक्के अपंगत्वाची अट सवलती-योजनांसाठी; ती इथं आणून आपटू नका.)

हे सगळं मला पाठ होतं. तरी डॉक्टर पिंजऱ्यात असताना "हा खांद्यावर ओझं घेऊ शकेल का?" एवढं विचारायचं राहिलं. समोरच्यानं मात्र विचारलं, "जेवता येतं? सही करता येते?" डॉक्टर "हो" म्हणाले. दावा 15 टक्क्यांवर निकाली निघाला.

अपील औरंगाबाद खंडपीठात केलं. तिथं डॉक्टर सहसा पुन्हा येत नाही, त्याची जबानी वाचली जाते. त्यात तो "हो" होता, माझा प्रश्न नव्हता. मजुराच्या स्वतःच्या जबानीत मात्र एक ओळ सापडली, "घड खांद्यावर घेता येत नाही." उलटतपासणीत तिला कुणी हात लावला नव्हता. अपील तिच्यावर तरलं. वाढीव रक्कम हाती येईपर्यंत त्याचा मुलगा घड वाहायला लागला होता.